पंधरा शब्दांच्या यादीत नव्याण्णव : स्मृतिप्रयोगाची आकडेवारी मांडतानाचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी समाज विज्ञान शिकवते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करायचे ठरवले, तेव्हा प्रश्नपत्रिकांची भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेतील एका अटीची. स्वतः एक प्रयोग करावा, मिळालेली आकडेवारी संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये भरावी, तिचा गोषवारा तक्त्यांत द्यावा आणि आलेख जोडावेत, अशी ती अट होती. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध बाजारहाटापुरता आणि निकालपत्रकापुरताच उरला होता. जुलै ते डिसेंबर २०२४ या सहा महिन्यांत हे काम कसे पार पडले ते क्रमाने लिहीत आहे, कारण आमच्या भागातून असे शिक्षण घेणाऱ्या आणखी तिघीचौघींनी मला नेमके हेच विचारले आहे.

विषय निवडायला फार वेळ लागला नाही. शब्दांची यादी दाखवून लगेच आठवायला सांगितली, तर सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात व मधले गळतात. याला क्रमस्थान परिणाम म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी १९६२ मध्ये त्याचा आलेख मांडला, तो दोन्ही टोकांना वर उचललेला आणि मध्ये खोलगट असा होता. पुढे १९६६ मध्ये ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी यादी संपल्यावर लगेच आठवू न देता सहभागींना काही सेकंद आकडे मोजायला लावले, तेव्हा सुरुवातीच्या शब्दांचा लाभ टिकला, पण शेवटच्या शब्दांचा लाभ नाहीसा झाला. शेवटचे शब्द अल्पकालीन स्मृतीत तात्पुरते असतात आणि मन दुसरीकडे गुंतले की निसटतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मार्गदर्शक मॅडमनी हाच प्रयोग लहान प्रमाणावर मराठी शब्दांनी करायला सांगितला.

शाळेची खोली रविवारी वापरण्यासाठी ८ जुलैला अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी लगेच शिफारस केली, परंतु संस्थेच्या सचिवांची सही मिळेपर्यंत १८ जुलै उजाडला. या दहा दिवसांत संमतिपत्र तयार केले. एका सहकाऱ्याने त्याचा कन्नड अनुवाद करून दिला, त्यामुळे सही करणाऱ्याला हवी ती प्रत घेता आली. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची वेगळी संमती लागते, म्हणून विद्यार्थ्यांना न घेता सर्व सहभागी प्रौढच घेतले : सहकारी शिक्षक, बचत गटातील महिला, गल्लीतील शेजारी आणि पदवीला असलेले आमचे काही माजी विद्यार्थी, असे एकूण चाळीस जण. प्रत्येकाला क्रमांक दिला. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत ठेवली आणि तोंडी परीक्षा झाली की ती नष्ट करीन, असे संमतिपत्रातच लिहून टाकले.

पंधरा शब्दांच्या दोन याद्या केल्या. साधे, रोजच्या वापरातले, दोन किंवा तीन अक्षरांचे शब्द घेतले. प्रत्येक शब्द पडद्यावर दोन सेकंद दिसेल अशी सोय लॅपटॉपवर केली. एका यादीनंतर लगेच लिहायचे होते. दुसऱ्या यादीनंतर आधी तीस सेकंद ४८७ मधून तीन-तीन वजा करत कागदावर लिहायचे आणि मग शब्द आठवायचे होते. कोणती यादी कोणत्या अटीला आणि कोणती अट आधी, यांच्या चार जोड्या होतात, म्हणून दहा-दहा जणांची चार सत्रे ठेवली. ४, ११, १८ आणि २५ ऑगस्ट असे चार रविवार त्यात गेले. चौथ्या सत्राला पाऊस इतका होता की पत्र्यावरच्या आवाजात माझ्या सूचना मलाच ऐकू येत नव्हत्या, आणि शेवटची बस चुकेल या काळजीने दोन महिला दुसरी यादी न करताच उठून गेल्या. त्यांना अडवणे शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते. त्या दोन रिकाम्या कागदांनी पुढे मला काय दाखवले, ते यथावकाश येईल.

उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यावर पहिलीच अडचण अशी आली की जिचा पुस्तिकेत कुठेही उल्लेख नव्हता. आमच्या शेजारच्या अक्कांचे माहेर बैलहोंगलचे, पण लग्नानंतरची पंचवीस वर्षे त्या खानापुरात राहिल्या आणि मराठी वाचायला-लिहायला इथेच शिकल्या. यादीत ‘कांदा’ हा शब्द होता; त्यांनी लिहिले होते ‘उळ्ळागड्डी’. आता हे बरोबर धरायचे की चूक? अर्थ आठवला होता, शब्द मात्र दुसऱ्या भाषेतून आला होता. आणखी तीन-चार कागदांवर असेच कन्नड प्रतिशब्द सापडले. मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की निर्णय कोणताही घ्या, पण एकूण निकाल पाहण्याआधी घ्या, सर्वांना सारखा लावा आणि अहवालात लिहा. मी समानार्थी शब्द बरोबर धरायचे ठरवले, तो नियम तारखेसह वहीत लिहिला आणि पहिल्या पानापासून तपासणी पुन्हा केली. दोन भाषांच्या गावात असा प्रयोग करणाऱ्याने हा नियम आधीच करून ठेवावा. मी तो मधूनच केला, त्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली.

तपासणी संपल्यावर सॉफ्टवेअरकडे वळले. अभ्यास साहित्यातील सर्व चित्रे एसपीएसएसची होती. १९६८ मध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर समाजशास्त्रांत सर्वत्र चालते, पण ते विकत घ्यावे लागते. अभ्यास केंद्रातील संगणकांवर ते होते, मात्र त्याची मुदत संपलेली होती आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात प्रलंबित होता. यासाठी मी बेळगावला तीन फेऱ्या मारल्या. कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे तिकिटाचा खर्च आला नाही, पण तीन दिवस गेले. तिसऱ्या फेरीत तिथल्या लिपिकांनीच सुचवले की विनामूल्य सॉफ्टवेअर चालते का ते मार्गदर्शकांना विचारा. मॅडमनी होकार दिला आणि दोन नावे सांगितली, जास्प आणि जामोवी. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत आज्ञावली न लिहिता यादीतून पर्याय निवडून काम होते. ऑकलंडच्या इहाका आणि जेंटलमन यांनी घडवलेली आर ही संगणकभाषा जामोवीच्या पोटात काम करते, पण आपल्याला ती येण्याची गरज पडत नाही. हे मी पहिल्या दिवशीच विचारले असते, तर ते तीन दिवस वाचले असते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जामोवी उतरवून घ्यायला पाऊण तास लागला. मध्ये एकदा वीज गेली, पण लॅपटॉपची बॅटरी टिकली. लॅपटॉप भाच्याचा होता. तो बेळगावला अभियांत्रिकीला आहे आणि शनिवार-रविवार आमच्याकडे असतो.

माझी पहिली नोंद अगदी सुटसुटीत होती : एका ओळीत एक व्यक्ती, आणि स्तंभ चारच, म्हणजे क्रमांक, वय, लगेच आठवलेले शब्द, विलंबाने आठवलेले शब्द. ज्या दोन महिला उठून गेल्या त्यांच्या रकान्यात मी आधी ‘गैरहजर’ असे लिहिले. तसे केल्यावर तो पूर्ण स्तंभच सॉफ्टवेअरने मजकूर म्हणून धरला आणि सरासरी देईना. मग कुठेतरी वाचल्याचे आठवले की माहिती नसेल तिथे ९९ लिहितात. तसे लिहिले आणि स्तंभ सुरळीत झाला.

१५ सप्टेंबरच्या रात्री ‘एक्सप्लोरेशन’मधील ‘डिस्क्रिप्टिव्ह्ज’ हा पर्याय निवडला, दोन्ही स्तंभ उजवीकडे ढकलले आणि क्षणात तक्ता तयार झाला. लगेच आठवलेल्या शब्दांची सरासरी ७.४, विलंबाने आठवलेल्या शब्दांची १०.७. मी थक्क झाले. पुस्तकात लिहिले होते त्याच्या बरोबर उलटे! खानापूरच्या माणसांना वजाबाकी केल्यावर शब्द जास्त आठवतात, असा काही नवा शोध आपल्या हाती लागला की काय, अशा विचारात मी त्या रात्री अर्धे पान चर्चाही लिहून काढली. त्यात शांत गाव, पाठांतराची सवय, असे काय काय होते, ते आता आठवले तरी संकोच वाटतो. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरले आहेत त्याचे माप, २०.६ आले होते. तो आकडाही मी तक्त्यातून वहीत जसाच्या तसा उतरवला, कारण विचलन म्हणजे काय हे मला व्याख्येपुरतेच माहीत होते. एकूण शब्द पंधरा असताना सरासरीपासूनचे विचलन वीस कसे असेल, हा प्रश्न मनात आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा कॉलेजला निघण्यापूर्वी डोकावला. “काय बघूलालीस गे मावशी?” असे विचारत त्याने माझ्या हातून माउस घेतला आणि ‘प्लॉट्स’खालील बॉक्स प्लॉटच्या, म्हणजे आकड्यांचा पसारा पेटीच्या रूपात दाखवणाऱ्या आलेखाच्या, चौकटीत खूण केली. पडद्यावर जे आले त्यात पेटी अशी नव्हतीच; तळाशी चिकटलेली एक चपटी रेघ होती आणि खूप वर, छताला टेकल्यासारखा, एक ठिपका. तो म्हणाला, “पंधरा शब्दांत नव्याण्णव कुठून आले?” दोन महिलांचे दोन नव्याण्णव एकमेकांवर बसून तो एक ठिपका झाला होता.

तक्त्यात कमाल मूल्याच्या ओळीत ९९ हा आकडा आदल्या रात्रीपासून माझ्यासमोरच होता. तो माझ्या डोळ्यांना दिसला नाही, चित्राने मात्र लपू दिला नाही. आणखी एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात आली : त्याच तक्त्यात मध्यक ६ होता. दोन चुकीच्या आकड्यांनी सरासरीला सहावरून दहाच्या पुढे ओढून नेले, परंतु रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मध्यकाला ढळवता आले नाही. मध्यक आणि सरासरी यांतील फरकाची टिपणे मी दोनदा पाठ केली होती. तो फरक समजला त्या सकाळी. ९९ वापरायचेच असेल तर त्या स्तंभाच्या मांडणीत ‘हे मूल्य म्हणजे माहिती नाही’ असे सॉफ्टवेअरला सांगावे लागते; नाहीतर सरळ रकाना रिकामा सोडावा. मी रिकामा सोडला. आता विलंबाची सरासरी ६.१ आली आणि विचलन १.९. लिहिलेली चर्चा फाडून टाकली.

२२ सप्टेंबरला हे तक्ते घेऊन मॅडमना भेटले. त्यांनी नव्याण्णवाचा किस्सा शांतपणे ऐकून घेतला आणि ॲन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेले उदाहरण कागदावर काढून दाखवले : अकरा-अकरा बिंदूंचे चार संच, चारही संचांची सरासरी आणि विचलन जवळजवळ सारखे, पण आलेख काढले की एक सरळ चढणारा, एक कमानीसारखा, आणि उरलेल्या दोघांत एकच भरकटलेला बिंदू सगळे चित्र बदलून टाकतो. मग त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवून विचारले, “पण यात क्रमस्थान कुठे आहे?” खरोखरच कुठे नव्हते. मी फक्त एकूण शब्द नोंदवले होते. पहिला शब्द किती जणांना आठवला आणि पंधरावा किती जणांना, हे त्या चार स्तंभांतून कधीच निघाले नसते. उत्तरपत्रिका जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले.

पुन्हा नोंद सुरू झाली. दर व्यक्तीमागे तीस स्तंभ, पंधरा लगेचचे आणि पंधरा विलंबाचे. शब्द आठवला तर १, नाही तर ०. स्तंभांना ‘ल१’, ‘ल२’, ‘वि१’, ‘वि२’ अशी आखूड नावे दिली, हे फार उपयोगी पडले. उत्तरपत्रिकेवर शब्द कोणत्याही क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे प्रत्येक शब्द मूळ यादीत शोधून त्या स्थानाखाली १ मांडावा लागतो, आणि दोन याद्या सत्रागणिक आलटून-पालटून वापरल्या असल्याने कोणत्या सत्रात कोणती यादी होती हे समोर ठेवूनच बसावे लागते. मुलगी वाचत होती आणि मी टाइप करत होते. एकट्याने हे काम करू नये. कागदाकडून पडद्याकडे नजर नेताना स्थान सरकते. सहा संध्याकाळी लागल्या. त्यानंतर सॉफ्टवेअरला दर ओळीची बेरीज करायला सांगितली आणि ती माझ्या जुन्या एकूण आकड्यांशी ताडून पाहिली, तेव्हा सहा जणांचे आकडे जुळले नाहीत. चार ठिकाणी नवी नोंद चुकली होती, दोन ठिकाणी जुनी मोजणी. वाया गेली असे वाटलेली पहिली नोंद अशी पडताळणीसाठी कामी आली. अपुरी माहिती असलेल्या त्या दोघींच्या ओळी मी पुसल्या नाहीत; गाळणी लावून विश्लेषणातून वगळल्या आणि अहवालात तसे लिहिले, म्हणून पुढचे सर्व आकडे अडतीस जणांचे आहेत.

एक लहान सूचना इथेच देते. फक्त ० आणि १ असलेले स्तंभ जामोवी आपणहून नामदर्शक गटाचे, म्हणजे आकडे नुसती नावे असल्यासारखे, समजते. त्यांची सरासरी हवी असेल तर स्तंभाच्या मांडणीत जाऊन पट्टीचे चिन्ह असलेला, म्हणजे सलग मापनाचा, प्रकार निवडावा. ० आणि १ यांची सरासरी म्हणजेच तो शब्द आठवणाऱ्यांचे प्रमाण, ही साधी गोष्ट लक्षात आल्यावर माझे निम्मे ओझे उतरले. तीस सरासऱ्या एका तक्त्यात आल्या, त्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून आडव्या अक्षावर स्थान १ ते १५ आणि उभ्या अक्षावर प्रमाण, असा दोन रेघांचा आलेख काढला.

६ ऑक्टोबरच्या दुपारी तो आलेख पडद्यावर आला, तेव्हा मी मुलीला आणि यजमानांना, दोघांनाही हाक मारली. पुस्तकातली ती खोलगट रेघ आमच्या गल्लीतल्या माणसांनी काढली होती. पहिला शब्द लगेचच्या अटीत २८ जणांना आणि विलंबाच्या अटीत २७ जणांना आठवला होता, म्हणजे तिथे दोन्ही रेघा जवळजवळ एकत्र होत्या. पंधरावा शब्द मात्र लगेच ३१ जणांना आणि तीस सेकंदांच्या वजाबाकीनंतर केवळ १५ जणांना आठवला. एकूण सरासरीत दीडेक शब्दाचाही फरक नव्हता. तो बहुतेक सगळा शेवटच्या तीन-चार स्थानांवर साठला होता, आणि हे नुसत्या सरासऱ्यांच्या तक्त्यातून कधीच कळले नसते.

पण मध्येच, आठव्या-नवव्या स्थानावर, दोन्ही रेघांना एक उंचवटा होता. पुस्तकात असा उंचवटा नाही. बराच वेळ विचार करून मूळ याद्या काढल्या, तर एका यादीत आठवा शब्द ‘सुई’ आणि नववा ‘दोरा’! शब्द चिठ्ठ्या टाकून लावले होते आणि ही जोडी शेजारी आल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. एक आठवला की दुसरा आपोआप मागे येणारच. तो उंचवटा काढून टाकावा असे क्षणभर वाटले. मॅडमनी तो तसाच ठेवायला लावला आणि मर्यादांच्या भागात कारण लिहायला सांगितले.

पुढचे काम दुरुस्त्यांचे होते. स्प्रेडशीटने उभा अक्ष आपल्या मनाने ०.३ पासून सुरू केला होता, त्यामुळे लहान फरकही दरीसारखा दिसत होता. तो ० ते १ असा बदलला. सरासऱ्यांच्या स्तंभालेखावरील उभ्या काड्या प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, हे आलेखाखाली लिहिले नव्हते म्हणून पहिला मसुदा परत आला. दोन्हींत मोठा फरक पडतो : विचलन माणसामाणसांतील अंतर दाखवते, तर त्रुटी ही सरासरीच्या भरवशाचे माप असते आणि सहभागी वाढले की ती आखडते. तीच माणसे दोन्ही अटींत असल्यामुळे दोन सरासऱ्यांतील फरक तपासणारी जोडीची टी-चाचणी लावायची होती. मी आधी स्वतंत्र गटांची लावली होती, तेही मॅडमनी दुरुस्त करून घेतले.

छपाईच्या दुकानात शेवटचा फटका बसला. तिथल्या संगणकावर माझा टंक (फॉन्ट) नसल्याने अक्षांवरील मराठी नावांच्या जागी चौकोन उमटले. बेळगावच्या गोवावेसजवळ उभी राहून भाच्याला फोन केला. त्याने फाइल पीडीएफ करून पाठवली तेव्हा काम झाले. फाइल घरूनच पीडीएफ करून न्यावी. दिवाळीच्या सुट्टीत केंद्र बंद असल्यामुळे अहवाल ११ नोव्हेंबरला, मुदतीच्या चार दिवस आधी, जमा केला आणि पोच घेतली. झेरॉक्सचे ३२० रुपये, चार सत्रांच्या चहा-बिस्किटांचे ७२० आणि छपाई-बांधणीचे ५४०, असा एकूण १,५८० रुपये खर्च आला.

तोंडी परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. परीक्षकांनी सॉफ्टवेअरबद्दल जवळजवळ काहीच विचारले नाही. अडतीसच का, रिकाम्या नोंदींचे काय केले, समानार्थी शब्द बरोबर का धरले आणि मधला उंचवटा कशाचा, एवढेच प्रश्न होते.

त्या संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणे नावांची यादी चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी कुंपणापलीकडून विचारले, “माझे किती आले?” यादी आता नाही, त्यामुळे कोणता क्रमांक कोणाचा हे सांगता येणार नाही, असे त्यांना समजावले. ते त्यांना फारसे पटलेले दिसले नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “मग उळ्ळागड्डी तरी धरली की नाही?”

“धरली, अक्का.”